हाली रुपयाचा मुलूख

फसली १३५० साली, म्हणजे १९४०-४१ मध्ये, जळकोटच्या कुणब्याचा साधा व्यवहारही दोन-तीन भाषांतून जायचा. शेतसारा भरायचा तो हाली रुपयात. या रुपयावर चारमिनार असे, आणि इंग्रजी मुलखातल्या कलदार रुपयापेक्षा तो हलका. साधारण सात हाली मोजले की सहा कलदार हातात यायचे. कचेरीत अर्ज द्यायचा तर तो उर्दूत, त्यामुळे आधी अर्ज लिहून देणारा गाठायचा. वर तारीख फसली सनाची आणि महिने आजूर, दै, बहमन असे. बैलाचा सौदा मराठीत व्हायचा. उदगीरच्या पेठेत लिंगायत दुकानदाराशी बोलताना मधेच कानडी यायची. देगलूरकडची सोयरीक असेल तर पाहुण्यांत कुणीतरी तेलुगू बोलणारा असायचाच. आणि घरी पहाटे जात्यावर बाई गायची ती मराठी ओवी.

आज जळकोट लातूर जिल्ह्यात आहे. त्या वेळी ते हैदराबाद संस्थानाच्या बिदर जिल्ह्यात होते. बालाघाटाच्या रांगेतला हा भाग उंच पहाडाचा नाही. माळ, बरड, मधेच खोल उतरणारे ओढे, मुरमाड जमिनीवर ज्वारी-तूर आणि तिरू नदीच्या काठाला थोडे काळे रान, असा हा मुलूख आहे. घोणसी, अतनूर, वांजरवाडा, रावणकोळा, माळहिप्परगा, धामणगाव, डोंगरकोनाळी आणि त्यांच्या अधेमधे बंजाऱ्यांचे तांडे. सरकारी भाषेत याला डोंगरी तालुका म्हणतात. मोठी लढाई, मोठा किल्ला किंवा मोठा राजवाडा यांपैकी काहीच जळकोटच्या वाट्याला आले नाही. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले ते शेजारच्या उदगिरीला. राष्ट्रकूटांचा किल्ला कंधारला. म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत जळकोट सापडत नाही. मला मात्र वाटते की निजामी अमलाची शेवटची तीस वर्षे समजून घ्यायची तर अशाच गावाच्या उंबऱ्यावर बसून पाहिले पाहिजे, कारण राज्य इथे खलित्यांतून नव्हे तर रोजच्या जगण्यातून दिसायचे.

हे राज्य कागदावर फार दूरचे आणि प्रत्यक्षात फार जवळचे होते. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. वर गिर्दावर, तहसीलदार, आणि जिल्ह्याला अव्वल तालुकदार. पोलिसांच्या अमीनसाहेबाचा घोडा गावात आला की माणसे आपणहून घरात जायची. वेठ होतीच. हाकिमाचे सामान पुढच्या गावापर्यंत पोहोचवायला महार-मांगांना धरून न्यायचे, त्याचा मोबदला नसे. उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली ती १८८४ पासून, फारसीच्या जागी. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि वैद्यक, कायदा, विज्ञान हे सगळे एका देशी भाषेतून शिकवण्याचा फार मोठा प्रयोग तिथे झाला. त्या प्रयोगाचे मोल कमी करू नये. पण ती देशी भाषा संस्थानातल्या बहुसंख्य लोकांच्या घरातली नव्हती. तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी मुले तहतानिया शाळेतून वस्तानियात आणि तिथून फोकानियात जाईपर्यंत बहुतेक गळून जायची. मुलींची तर बातच नको.

त्यामुळे या मुलखात लिहिता येणारी माणसे थोडी आणि त्यांतली बरीचशी उर्दू लिहिणारी. बाकीच्यांचे सगळे तोंडी. हिशेब तोंडी, वंशावळ तोंडी, औषध तोंडी, देव तोंडी. या तोंडी जगाला त्याच्या वाटा होत्या आणि त्या तालुक्याच्या हद्दी पाळत नसत. त्यांतली पहिली वाट बाजाराची.

उदगीर भागातल्या हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार आजही नावाजलेला आहे. देवणी आणि लाल कंधारी या दोन्ही गोवंशांची घरे याच टापूत. देवणी पांढरी-काळी, अंगावर ठिपके. त्यातही वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार माणसे लांबूनच ओळखतात. वानेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंड काळे, बालंक्या पांढराफेक आणि शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिगळ. लाल कंधारी नावाप्रमाणे गडद तांबडी, मुरमाड रानात कमी चाऱ्यावर राबणारी. खोंड घेणारा आधी खुरे पाहतो, मग शेपटीचा गोंडा, मग वशिंडावर हात फिरवतो, शेवटी जबडा उघडून दात मोजतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. भाव तोंडाने बोलायचा नाही. दलाल उपरणे टाकतो आणि त्याखाली दोघे हात धरून बोटे दाबतात. बाजूला उभ्या असलेल्या चार माणसांना किंमत कळत नाही. भाव तुटला की दोघांचे चेहरे सांगतात. या व्यवहाराला कुठलीच लिपी लागत नव्हती, म्हणून कुठल्याच राज्याला तो आपल्या भाषेत ओढता आला नाही.

दुसरी वाट यात्रेची. नांदेड-लातूर रस्त्यावरचे माळेगाव आज लोहा तालुक्यात आहे, तेव्हा ते कंधारात होते. तिथला खंडोबा म्हणजे या सगळ्या टापूचा देव. मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या दिवशी यात्रा लागते. घोडी, गाढवे, खेचरे, उंट, कुत्री, बैल यांचा बाजार भरतो. भटक्या जमाती वर्षातून एकदा इथे एकत्र येत, सोयरिकी जमवत, जातपंचायती बसवत. वाघ्या-मुरळ्यांचे जागरण, तमाशाचे फड, भंडाऱ्याने पिवळी झालेली माती. पण मला या देवाची गोष्ट सांगायची आहे ती वेगळ्या कारणाने. मराठी माणसाचा खंडोबा कानडी माणसाचा मैलार आहे आणि तेलुगू माणसाचा मल्लन्ना. बिदर जिल्ह्यात भालकीजवळ खानापूरला मैलार मल्लण्णाचे मोठे ठाणे आहे. त्याची एक बायको म्हाळसा, ती लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, ती धनगराची. म्हणजे पेठ आणि रान, दोन्ही एका देवघरात. हैदराबाद संस्थानाचा एकत्रपणा तलवारीने आणि फर्मानांनी टिकलेला होता. या देवाने साधलेला एकत्रपणा त्याहून जुना होता आणि तो अजून शाबूत आहे.

कंधारलाच हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा चौदाव्या शतकातला दर्गा आहे. त्याच्या उरुसाला जाणाऱ्यांत हिंदू कमी नव्हते. मोहरमात गावोगावी पंजे आणि सवाऱ्या निघत, अलाव्याभोवती हिंदू पोरे फेर धरत, नवस बोललेल्या आया लेकरांना दहा दिवस फकीर करीत, मलिदा वाटत. लिंगायतांच्या घरी मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’चे पारायण चाले. तेही मराठीत, कारण सोळाव्या शतकातल्या या वीरशैव संताने कानडी परंपरेतला विचार मराठी ओवीत आणला होता. वारकऱ्यांची भजने होतीच. उमरीजवळच्या गोरट्याचे दासगणू महाराज कीर्तने करीत तेव्हा तीन-चार कोसांवरून माणसे बैलगाड्या जुंपून येत.

आणि तांडे. रेल्वे येण्याआधी दख्खनची मीठ-धान्याची वाहतूक लमाणांच्या बैलांवर होती. त्याला ते लदेणी म्हणत. १९०० साली मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादला गाडी सुरू झाली, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोहोचली आणि लदेणीचा धंदा बसला. बैल विकले गेले, तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले, नायक आणि कारभाऱ्याच्या शब्दाने चालू लागले. पुरुषांचा धंदा गेला पण बायकांची कला टिकली. फेटिया, काचळी, डोक्यावरून घ्यायची टुकरी. कापडाच्या तुकड्यावर आरसे आणि कवड्या जडवायच्या, त्यांच्या कडेने लाल-पिवळ्या दोऱ्यांचे बारीक टाके घालायचे. आरसा सुटू नये म्हणून आधी त्याच्यावर दोऱ्याची उभी-आडवी जाळी टाकतात आणि मग त्या जाळीतच सुई घालून गोल टाक्यांनी त्याला कडा बांधतात. एक काचळी पुरी व्हायला शेतीची कामे सांभाळून महिनोन्‌महिने लागतात. होळीला तांड्यात लेंगी गायली जाते, नगारा वाजतो, रात्र रात्र नाच चालतो. आज याच तांड्यांतले नवरा-बायको दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. लदेणी संपल्यापासून या माणसांच्या पायांना स्थिर वाट मिळाली नाही, हे आपल्या राज्यांचे अपयश आहे, निजामाच्या आणि नंतरच्याही.

जळकोटच्या लोकांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस दिवाळी-दसऱ्याचा नव्हे, येळवशीचा. मार्गशीर्षातली अमावास्या, वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) आणि नांदेडच्या काही भागात तसेच बिदर-गुलबर्ग्याकडे ती साजरी होते, आणि पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला तिची फारशी ओळख नसते. आदल्या रात्री घरात कुणी झोपत नाही. ओली तूर, हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, वाटाणा सोललेला असतो. रानातल्या पालेभाज्या निवडलेल्या असतात. हे सगळे बेसनात शिजवून घट्ट भज्जी होते. बाजरीचे उंडे, ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. आंबील दोन दिवस आधीपासून चाललेली असते. ज्वारीच्या पिठाचे ताकात कालवण, वर लसूण-जिऱ्याचा वास. ती मातीच्या बिंदग्यात भरतात, बिंदग्याला चुन्याचे आणि कावेचे पट्टे. सकाळी कारभारी घोंगडे पांघरून, डोक्यावर बिंदगे घेऊन पुढे चालतो आणि मागे सगळे घर. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली असते. तिच्यात पाच दगड चुना लावून मांडतात. ते पांडव. पूजा झाली की रानात चारी दिशांना आंबील शिंपडत, आरोळी देत फेरी. मग जेवण. वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचे, जात विचारायची नाही, नाव विचारले तरी चालेल. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून तो रानाभोवती फिरवायचा.

त्या आरोळीतले शब्द कानडी वळणाचे आहेत आणि मराठी शेतकरी ते पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. आजही लातूरचे जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, कारण त्या दिवशी गाव आणि शहर दोन्ही ओस पडलेली असतात. येळवशीच्या जेवणात मी निजामी काळातला आणि त्याआधीचाही सगळा मुलूख पाहतो. कुठल्याही तहसीलदाराच्या हुकमाशिवाय सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांनी एकाच दिवशी, एकाच पद्धतीने आपली जमीन पुजायची ठरवले होते.

आता जात्याकडे. बायांची खरी शाळा ती. कोंबड्याच्या आधी उठायचे. जात्याची वरची तळी उचलून माकडी नीट बसली आहे का पाहायचे, खुंटा ठोकून घट्ट करायचा, पाय पसरून समोरासमोर दोघींनी बसायचे. एकीने ओढायचे, दुसरीने पेलायचे, मधल्या तोंडात मुठीने घास टाकायचा. घास फार टाकला तर पीठ जाडे येते, कमी टाकला तर दगडाला दगड लागतो. जाते जुने झाले की दळण भरडे येऊ लागते, मग वडारणीला बोलावून टाकी लावून घ्यायची. ज्वारीचे दळण तास-दीड तास चाले आणि तेवढा वेळ गाणे. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला. त्यानंतर सासर, नणंद, दुष्काळ, गावातला तंटा, मेलेले लेकरू, सगळे. अंधारात पुरुष झोपलेले असत किंवा ऐकू आले तरी ओवीत आलेल्या बोलण्याचा जाब विचारायचा नसे. तेवढी एक मोकळीक समाजाने बाईला दिली होती आणि तिने ती पुरेपूर वापरली.

या ओव्यांचे मोल ओळखणारा एक अभ्यासक त्याच उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठात होता, याचा मला फार आनंद वाटतो. डॉ. ना. गो. नांदापूरकर तिथे मराठी शिकवीत. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांवर संशोधन करणारा हा पंडित मराठवाड्याच्या बायांची गाणी गोळा करीत होता. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) मराठवाडा साहित्य परिषदेच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे, ते योग्यच. लोकांची बोली टिपणाऱ्यांत दुसरे नाव सेतुमाधवराव पगडींचे. १९१० साली निलंग्याला जन्मलेले, निजामाच्या मुलकी सेवेतले अधिकारी. आदिलाबाद भागात नोकरी करताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणे लिहिली. कारभार ज्या लोकांवर करायचा त्यांची बोली हाकिमाने शिकावी, ही साधी गोष्ट त्या राज्यात विरळाच होती. पुढे ते इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झाले. पण गोंडांच्या पाड्यावर बसून शब्द टिपणारा तरुण अधिकारी मला अधिक जवळचा वाटतो.

याच्या काही वर्षे आधी जगात इतरत्रही असे काम झाले होते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अपॅलाचियन डोंगरांत ऑलिव्ह डेम कॅम्पबेल ही बाई शाळांची पाहणी करताना जुनी गाणी उतरवून घेऊ लागली. तिच्या वह्या पाहून सेसिल शार्प हा इंग्रज संगीतज्ञ मॉड कार्पेलिसला सोबत घेऊन तिकडे गेला. १९१६ ते १९१८ या काळात सेहेचाळीस आठवडे डोंगर तुडवून त्याने २८१ गाणाऱ्यांकडून दीड हजारांवर चाली टिपल्या. फार मोठे काम. पण त्याला त्या डोंगरात फक्त जुने इंग्लंड ऐकायचे होते. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर बँजो आला होता, कोळशाच्या खाणी आणि रेल्वे आली होती. ते सारे त्याच्या कानाला लागले नाही. बालाघाटातही तीच चूक होऊ शकते. ओवीत शुद्ध मराठी आणि तांड्यात शुद्ध लमाणी शोधायला गेलो तर मधला मोहरम, मैलार आणि हाली रुपया निसटून जातो.

ही वीण उसवली ती १९३८ ते १९४८ या दहा वर्षांत.

सुरुवात सभाबंदीने झाली होती. सभा, आखाडा, खासगी शाळा, सगळ्याला परवानगी लागे. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. आर्य समाजाची चळवळ उदगिरीत जोरात होती. उदगीरचे वकील भाई श्यामलाल त्याच वर्षी डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात मरण पावले. उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. स्वामी रामानंद तीर्थ ज्या सत्याग्रहाचे पुढारी झाले, तो सिंदगीत जन्मलेल्या आणि मराठवाड्यात मास्तरकी केलेल्या माणसाचा सत्याग्रह होता. म्हणून तो गावच्या मास्तरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उचलला.

१९४६ मध्ये लातूरला वकिली करणारा कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा प्रमुख झाला आणि रझाकारांची फौज गावोगाव उभी राहू लागली. त्याच साली ऑक्टोबरात बिलोलीचे गोविंदराव पानसरे अर्जापूरजवळ मारले गेले. भारत स्वतंत्र झाला तेव्हा निजामाने सामील व्हायचे नाकारले. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला, पण खेड्यांत जैसे थे काहीच राहिले नाही. रझाकारांच्या टोळ्या येणार म्हटले की गावे रातोरात उठून संस्थानाबाहेर जात. सोलापूरकडे, वऱ्हाडाकडे हद्दीवर कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटून मुक्तिसैनिकांनी लढ्यासाठी वीस लाखांच्या आसपास रक्कम मिळवली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. देवर्जनजवळच्या हत्तीबेटाचे नाव आजही या लढ्याच्या आठवणींत येते. हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून २२ ऑगस्टच्या रात्री त्यांना मारले. मुसलमानांतही निजामाच्या हट्टाला विरोध होता, हे त्यांच्या रक्ताने नोंदवले गेले आहे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले, १७ तारखेला शरणागती झाली. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि करायलाच हवा. त्या राज्यात माणसाला नागरिक म्हणून जागा नव्हती. पण त्यानंतरचे काही आठवडे आपण मनातून पुसून टाकले आहेत. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती नेहरूंच्या सरकारने पाठवली. ती नोव्हेंबरच्या अखेरीपासून तीन आठवडे संस्थानात फिरली. सगळ्यात जास्त होरपळलेले चार जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे दिली. किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे, बहुतेक मुसलमान, मारली गेल्याचा तिचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. जळकोट तेव्हा बिदरात होते आणि उस्मानाबाद-नांदेड दोन्ही त्याला लागून. त्याच अहवालात अशीही नोंद आहे की एका ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या धंद्यातल्या मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवले. मी ही नोंद पुन्हा पुन्हा वाचतो. ज्यांनी एका मागावर काम केले होते त्यांना शेजारी दिसला, बाकीच्यांना धर्म दिसला. रझाकारांनी जे केले त्याची यादी आपल्या घरोघरी आहे. पुढे जे घडले त्याचीही असायला हवी होती.

मोहरमच्या सवाऱ्या काही गावांतून नंतर निघाल्याच नाहीत. काही गावांत त्या निघत राहिल्या पण उचलायला मुसलमान घर उरले नव्हते, म्हणून मराठे आणि लिंगायत पोरांनी त्या उचलल्या. मराठवाड्यात अशी गावे आजही आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्ये झाली आणि संस्थान तीन तुकड्यांत वाटले गेले. बिदरमधून उदगीर, अहमदपूर आणि निलंगा उस्मानाबादला जोडले. भालकी, औराद, हुमनाबाद बिदरमध्येच राहिले. हाली रुपया हळूहळू चलनातून गेला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, १९९९ मध्ये जळकोट तालुका. उर्दू पाट्या उतरल्या, कोर्टाची भाषा बदलली. पण जमिनीच्या जुन्या नोंदी उर्दूतच राहिल्या. गेल्या काही वर्षांत मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्याच्या तहसिलींत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली आणि निजामी दप्तरे पुन्हा उघडली गेली. ज्या कागदांची दोन पिढ्यांनी दखल घेतली नव्हती, त्यांच्यावर आता घराघराचे भवितव्य ठरू लागले.

तोंडी दप्तराला मात्र असा कुणी वाली चटकन मिळाला नाही. कंधारच्या मन्याड खोऱ्यातले शेकापचे आमदार केशवराव धोंडगे यांनी गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले. लेखणी न धरणाऱ्यांचेही साहित्य असते, हे मंचावरून सांगणारे ते या टापूतले ठळक राजकारणी होते. औरंगाबादेत डॉ. प्रभाकर मांडे आयुष्यभर लोकसाहित्य आणि गावगाड्याबाहेरच्या जमाती यांचे काम करीत राहिले. २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. जात्याच्या ओव्यांचे सगळ्यात मोठे संकलन केले ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइतवँ यांनी. हजारावर गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. बर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या.

तोवर गावोगावी विजेची गिरणी आली होती. १९७२ च्या दुष्काळात तर घरात दळायलाच काही नव्हते. मिळाली ती सुकडी आणि मिलो, आणि बाया खडी फोडायला रोजगार हमीवर गेल्या. जाती दाराबाहेर आली, कुणी त्यांचा दगड पायरीला लावला. तरीही १९९६ साली ध्वनिमुद्रणाची माणसे परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला गेली तेव्हा गंगूबाई अंबोरे यांच्या गळ्यातून सीतेच्या वनवासाच्या ओव्या ताज्या असल्यासारख्या आल्या. त्याच वर्षी माजलगावच्या भीमनगरातल्या दलित बायांनी त्याच चालीत, त्याच लयीत बाबासाहेबांच्या ओव्या म्हटल्या. १९४१ साली निजामाच्या हद्दीत कसबे तडवळ्याला बाबासाहेबांनी महार-मांगांची वतनदार परिषद घेतली होती आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले होते. तो सगळा बदल कुठल्या परिपत्रकाची वाट न पाहता जात्यापर्यंत पोहोचला होता. जिथे पहिली ओवी पिढ्यान्‌पिढ्या देवाला जायची, तिथे भीमनगरच्या बायांनी पहिला घास भीमरावाच्या नावाने घातला.